घरात पुन्हा पाळणा हलतो तेव्हा



या सदरात आपण नेहमी बियाणे, खते, रोगराई आणि गुरांची निगा यांविषयी बोलतो. आज मात्र घरातल्या पाळण्याविषयी बोलणार आहे. शेतीखात्याच्या माणसाने बाळंतपणाच्या गोष्टी कशाला सांगाव्यात, असे कुणाला वाटेल. पण मी दोन मुलींचा बाप आहे, आणि जे सांगणार आहे ते स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे.

परवा फिरतीवर असताना वसईच्या पूर्वेकडच्या एका गावात खाचराच्या बांधावर उभा होतो. शेतकरी ओळखीचा होता. त्याच्या घरी आठ दिवसांपूर्वी मुलगी झाली होती, थोरला मुलगा नऊ वर्षांचा. मी विचारले, "बाळ-बाळंतीण बरी आहेत ना?" तो हसून म्हणाला, "साहेब, ही आमची दुसरी खेप आहे. आता आम्हाला सगळे ठाऊक आहे."

विरारला परत येईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. कारण २०११ च्या जुलैत मीही नेमके हेच म्हणालो होतो.

आमची थोरली १९९९ साली झाली आणि धाकटी २०११ साली. मधे बारा वर्षे गेली. तेव्हा आपला वसई तालुका ठाणे जिल्ह्यात होता, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. आम्ही आगाशीच्या बाजूला एका वाडीला लागून भाड्याने राहत होतो. पुढे केळीची बाग, मागे बावखल आणि वरून धो धो पाऊस.

थोरलीच्या वेळी आम्ही दोघे घाबरून असायचो. ती झोपली की श्वास चालू आहे ना म्हणून नाकापाशी बोट धरायचो. दोन शिंका आल्या की दवाखान्यात धाव. धाकटीच्या वेळी आम्ही निर्धास्त होतो. थोरलीची शाळा बुडू नये म्हणून सौभाग्यवती माहेरी गेली नाही. तिसऱ्या दिवशी बाळाला घेऊन घरी आलो आणि चौथ्या दिवशी मी चारसूत्री भाताच्या प्रात्यक्षिकांवर गेलो. लावणीचे दिवस होते, आणि घरी माझे काय काम, असे मला वाटत होते.

बाळ खूप झोपत होते. एक रात्र तर उठलेच नाही. आम्हाला आनंदच झाला. थोरलीने सहा महिने डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता, ही गुणाची आहे असे आम्ही म्हणालो. शेजारच्या आजी बाळाला पाहून म्हणाल्या, "अंग हळदीसारखे दिसते गं." मीच उत्तर दिले, "थोरलीलाही कावीळ होती आजी. कोवळ्या उन्हात ठेवली आणि आठ दिवसांत गेली. पाऊस उघडला की हिलाही ठेवू." जुलैत वसईचा पाऊस कधी उघडतो, हे शेतीखात्याच्या माणसाला कुणी सांगायला हवे होते का? पण बोलून गेलो.

पाचव्या दिवशी संध्याकाळी चिखलाने भरलेले पाय धुऊन मी चहाला बसलो. थोरली पाळण्यापाशी होती. ती म्हणाली, "बाबा, परवा ही माझे बोट घट्ट धरत होती. आज धरतच नाही. मीच तिच्या मुठीत घालते आणि ते सुटून येते."

मी उठून बाळाला उचलले. अंग सैल लागत होते. तळपायाला टिचकी मारली तर डोळे किंचित उघडले आणि पुन्हा मिटले. आईने अंगावर घेतले तर दोनदा चोखून सोडून दिले. तेव्हा तळपायांकडे लक्ष गेले. तेही पिवळे झाले होते. भर पावसात रिक्षा करून आम्ही दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले. बाळाला दिवसातून किती वेळा पाजता? कालपासून लघवी किती वेळा झाली? जन्माचे वजन किती होते? पहिल्या दोन प्रश्नांना आमच्याकडे उत्तर नव्हते. जन्माचे वजन २ किलो ८०० ग्रॅम होते. काट्यावर भरले २ किलो ४५०. पाच दिवसांत आठवा हिस्सा वजन गेले होते.

मंडळी, कोणत्या तारखेला किती पाऊस पडला, कोणत्या खाचरात किती अंतरावर रोपे लावली, कोणत्या गाईने किती दूध दिले, हे सगळे माझ्या डायरीत रोज लिहिलेले असे. माझ्या घरातल्या पाच दिवसांच्या जिवाची मात्र एकही नोंद नव्हती.

बाळाला तीन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवावे लागले. आई दूध काढून वाटी-चमच्याने पाजत होती. चौथ्या दिवशी पहाटे बाळाने भुकेने जे भोकाड पसरले ते ऐकून तिच्या डोळ्यांतून पाणी आले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "पहिलटकरीण लवकर येते, कारण ती घाबरलेली असते. उशीर करतात ते अनुभवी लोक." हे मी आजवर विसरलो नाही.

बाळ का पिवळे पडते

त्या वेळी काय घडले ते समजून घ्या, म्हणजे तुमच्याकडून असे होणार नाही. नवजात बाळाच्या रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडतात आणि त्यातून पिवळे द्रव्य तयार होते. बाळाचे यकृत अजून कच्चे असते, त्यामुळे ते सगळे बाहेर टाकणे त्याला जमत नाही. म्हणून निम्म्याहून अधिक बाळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी थोडीफार पिवळी दिसतात आणि बहुतेक आपोआप बरी होतात.

हे पिवळे द्रव्य मुख्यतः शीवाटे बाहेर पडते. दूध कमी गेले की शी कमी होते आणि तेच द्रव्य आतड्यातून पुन्हा रक्तात शोषले जाते. पिवळेपणा वाढला की बाळाला गुंगी येते, आणि गुंगलेले बाळ आणखी कमी पिते. आम्ही ज्याला गुणी बाळ म्हणत होतो ते या फेऱ्यात सापडलेले बाळ होते. पिवळेपणा फारच वाढला तर त्याचा परिणाम मेंदूवर होतो, बहिरेपण येऊ शकते, आणि ते नुकसान पुढे भरून येत नाही. दवाखान्यातल्या निळ्या उजेडाने त्या द्रव्याचे रूप बदलते आणि ते शरीराबाहेर जाऊ लागते. खिडकीतले कोवळे ऊन हा त्यावरचा उपाय नव्हे.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. पहिल्या चोवीस तासांत बाळ पिवळे दिसले, किंवा कधीही तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते, पण दहाव्या हिश्शाहून जास्त उतरता कामा नये. साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत आले पाहिजे. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. बाळ झोपले असले तरी पहिले काही दिवस दोन-तीन तासांनी उठवून पाजावे. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी झाली तर दूध पुरते आहे असे समजावे.

गोठ्यातले शहाणपण घरात आणा

दुसरी एक गोष्ट आपल्या गोठ्यातली आहे. गाय व्याली की पहिल्या तासाभरात वासराला चीक पाजा, असे मी गेली कित्येक वर्षे गावोगाव सांगतो आहे. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या दिवसात त्याच्या पोटात गेला पाहिजे. गाईच्या पोटात असताना वासराला रोगाशी झगडण्याची ताकद मिळत नाही, ती सगळी चिकातून येते. आणि चोवीस तासांनंतर वासराच्या आतड्याला ती घेता येत नाही. हे आता बहुतेकांना पटले आहे. वासराचे झाल्यावर उरलेल्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो.

पण त्याच घरात बाळंतिणीचे पहिले पिवळसर घट्ट दूध वाईट म्हणून पिळून टाकल्याचे मी पाहिले आहे. थोरलीच्या वेळी आमच्याकडेही पहिला दिवस बाळाला मध चाटवला होता आणि दुसऱ्या दिवशी अंगावर घेतले होते. तिला काही झाले नाही. म्हणून ते बरोबर होते असे नव्हे. मूल आईच्या पोटात असताना त्याला थोडी ताकद मिळते, तरी आईचा चीक ही त्याची पहिली लसच आहे. तो थोडाच असतो. पहिल्या दिवशी बाळाचे पोट छोट्या बोराएवढे असते, त्याला तेवढाच पुरतो. बाळ जन्मल्यावर तासाभरात ते आईच्या अंगावर गेले पाहिजे.

पुढे सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको. उन्हाळ्यातसुद्धा वरचे पाणी नको. मध तर एक वर्षापर्यंत देऊच नये, त्यात असणाऱ्या काही जंतूंमुळे तान्ह्या बाळाला लुळेपणा येऊ शकतो. गुटी नको. डोळ्यांत काजळ नको, कारण काही काजळांत शिसे असते. नाळेवर हळद, तेल, राख यांपैकी काही लावू नये. ती कोरडी ठेवावी, आपोआप गळून पडते. पावसाळ्यात दुपटी वाळत नाहीत म्हणून बाळाच्या खोलीत शेगडी ठेवतात. तो धूर बाळाच्या छातीत जातो. दुपटी दुसऱ्या खोलीत वाळवावीत.

जुने सगळेच टाकावे असे माझे म्हणणे नाही. हलक्या हाताने तेल लावणे, बाळंतिणीला सवा महिना विसावा देणे, पाळण्याशी गाणे म्हणणे, टोपडे-कुंचीत बाळाला उबेत ठेवणे, हे चांगलेच आहे. आंघोळ मात्र पहिले चोवीस तास घालू नये आणि कमी वजनाच्या बाळाला तर आणखी काही दिवस नुसते पुसून घ्यावे. अशा बाळाला आईच्या उघड्या छातीशी अंगाला अंग लावून ठेवणे ही उत्तम ऊब आहे. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरात, १९७८ साली काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या तेव्हा डॉक्टरांनी हा मार्ग काढला आणि तो पुढे जगभर गेला. कांगारू आपले पिलू पोटाच्या पिशवीत ठेवते, म्हणून त्याला कांगारू पद्धत म्हणतात. ही ऊब आई थकली असेल तर बापालाही देता येते.

गडचिरोलीने शिकवले ते

बाळाकडे नीट पाहणे, मोजणे आणि लिहून ठेवणे यानेच किती जीव वाचतात, हे आपल्या महाराष्ट्राने जगाला दाखवले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना तयार केले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ताप पाहणे, ऊब देणे आणि धोका दिसला की उपचार सुरू करणे हे त्या घरोघर जाऊन करू लागल्या. तिसऱ्या वर्षी, असे काम न झालेल्या शेजारच्या गावांशी तुलना केली, तर नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. हे काम १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत घरच्या घरी नवजात बाळाच्या देखभालीची योजना सुरू झाली ती याच अनुभवावर.

त्यानुसार दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला पाहायला आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. बाळ घरी जन्मले असेल तर पहिल्या दिवशीही येतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची घरे त्यांना दारातूनच सांगतात, "सगळे बरे आहे, ताई." असे करू नका. त्यांना आत बोलवा, दुपटे सोडून बाळ दाखवा, वजन करून घ्या.

धोक्याच्या खुणा पाठ करून ठेवा. बाळ चोखेनासे झाले, अंग सैल पडले, अंग गार लागले किंवा तापले, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक झाला, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, नाळेतून पू आला किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर सकाळची वाट पाहू नका. १०२ किंवा १०८ क्रमांकावर फोन केला तर गाडी मिळते, आणि आजारी नवजात बाळाचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत होतात.

लसीकरणही थोरल्याच्या वेळचे राहिलेले नाही. जन्मताच बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब हे आहेच. पण दीड महिन्यापासून पूर्वी जी त्रिगुणी लस देत, तिच्या जागी आता पाच रोगांवरची पेंटाव्हॅलंट लस आली आहे. जुलाबांवरची रोटाव्हायरस लस आली आहे. न्यूमोनियावरची न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर देऊ लागले. थोरल्याचे जुने कार्ड काढून त्याप्रमाणे चालू नका, नवे कार्ड घ्या.

आईला गृहीत धरू नका

दुसऱ्या बाळंतपणात सगळ्यात जास्त गृहीत धरली जाते ती आई. पहिल्या वेळी माहेरी सवा महिना कुणी तिला उठू देत नाही. दुसऱ्या वेळी घरात थोरले मूल असते, चूल असते, गोठा असतो, आणि ती आठव्या दिवशी पाण्याचा हंडा उचलताना दिसते. "तिला सवय आहे" असे आपण म्हणतो. सवयीने झीज भरून येत नाही.

दुसऱ्या खेपेच्या बायकांना एक त्रास पहिल्याहून जास्त होतो, तो पुरुषांना ठाऊक नसतो. बाळ अंगावर प्यायला लागले की पोटात कळा येतात. गर्भाशय आकसून पूर्वीच्या जागी येत असते, त्या या कळा. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात त्या जास्त जोराने येतात. त्या भीतीने आई पाजणे टाळू लागली, तर बाळ उपाशी राहते. माझ्या पत्नीचे तेच झाले होते, आणि तिने ते मला दवाखान्यात सांगितले. मी आधी विचारलेच नव्हते. या कळा काही दिवसांतच थांबतात, आणि डॉक्टरांना विचारून गोळी घेता येते. पण रक्तस्राव वाढला, ताप आला किंवा डोके फार दुखू लागले तर तो सवयीचा त्रास समजू नये, तिला लगेच दाखवावे.

तिच्या ताटात भाकरी, डाळ, पालेभाजी, दूध, अंडी, आणि खात असाल तर मासळीही असू द्या. पाणी कमी पाजू नका. बाळंतपणानंतर सहा महिने लोहाच्या गोळ्या चालू ठेवायच्या असतात. त्या डब्यात तशाच राहतात, तेवढ्या पाहा.

थोरल्याचे काय

घरात दुसरे मूल आले की थोरले एका रात्रीत मोठे होते. काल ते आपले बाळ होते, आज त्याला आपण "आवाज करू नकोस, पाणी आण, बाळाकडे बघ" एवढेच सांगतो. आपल्या जिल्ह्यातला एक जुना अनुभव सांगतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, ते १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पाड्यांवरच्या मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या काखेला धाकटे भावंड असते, हे या दोघींनी पाहिले. म्हणून तान्ह्यांची सोय, बालवाडी आणि शाळा त्यांनी एकाच ठिकाणी आणली, म्हणजे मुलीला भावंडासह येता येईल. आज शाळा जवळ आल्या आहेत, पण बाळ झाले की थोरल्या मुलीची शाळा बुडणे सगळीकडे थांबलेले नाही. ते तुमच्या घरी होऊ देऊ नका.

त्याला बाळापासून दूरही ठेवू नका. हात धुऊन बाळापाशी बसू द्या, बोट धरू द्या. रोज थोडा वेळ आईने किंवा बापाने फक्त थोरल्याला द्यावा. माझ्या धाकटीचे प्राण आम्हा दोघा अनुभवी माणसांनी वाचवले नाहीत. वाचवले ते बारा वर्षांच्या थोरलीने, कारण तिला काहीच ठाऊक नव्हते आणि म्हणून ती बघत बसली होती.

पुन्हा नव्याने

दवाखान्यातून परत आल्यावर मी पंधरा दिवसांची रजा टाकली. लावणीच्या दिवसांत रजा मागितली म्हणून कचेरीत थोडे हसले. मी शंभर पानी वही आणली, तिला दोरी बांधली आणि पाळण्याच्या खुंटीला अडकवली. पाजल्याची वेळ, लघवी, शी, दर आठवड्याचे वजन. दिवसाच्या नोंदी थोरली करी, रात्रीच्या मी. एकविसाव्या दिवशी वजन ३ किलो झाले, तेव्हा थोरलीने त्या आकड्याभोवती लाल पेन्सिलीने चौकट काढली.

त्या पंधरा दिवसांत मी जे पाहिले ते थोरलीच्या वेळी पाहिलेच नव्हते. तेव्हा मी नव्या नोकरीच्या मागे होतो आणि घरी आलो की भीतीत असायचो. नवजात बाळाला वीतभर अंतरावरचेच बरे दिसते, आणि अंगावर पिताना आईचा चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो, हे मी दुसऱ्या खेपेला शिकलो. पिऊन झाले की बाळ हाताची मूठ सोडते, भूक लागली की रडण्याच्या आधी तोंड वळवून शोधू लागते, हे बसून पाहिल्यावर कळले. पावसाच्या रात्री पडवीत खांद्यावर घेऊन फिरलो तेव्हा तिचे रडणे ऐकून मी घाबरत नव्हतो. हे दिवस लवकर जातात, हेही या वेळी ठाऊक होते. थोरलीचे असेच दिवस कुठे गेले ते मला कळले नव्हते.

अनुभवाचा उपयोग एवढाच, असे मला वाटते. हात थरथरत नाही, रात्र सरते हे ठाऊक असते. बाळ कसे आहे ते मात्र अनुभव सांगत नाही, ते बाळाकडे पाहूनच कळते. त्याच खाचरात, तेच बी टाकले तरी यंदाचे पीक गेल्या साली डायरीत लिहिलेल्याप्रमाणे येत नाही, हे शेतकऱ्याला मी सांगायला नको. रोज बांधावर जाऊन बघावे लागते. पोरांच्या बाबतीत आपण ते विसरतो, आणि अति शहाणा त्याचा बैल रिकामा राहतो.

त्या दिवशी खाचराच्या बांधावर त्या शेतकऱ्याला मी डॉक्टरांचे तेच तीन प्रश्न विचारले. किती वेळा पाजता, कालपासून लघवी किती वेळा, आणि वजन आता किती. तो पहिल्यांदा हसला, मग गप्प झाला. "घरी जाऊन विचारतो," म्हणाला आणि तसाच बांधावरून घराकडे निघाला. रात्री त्याचा फोन आला. बाळ छान पीत होते, लघवी सात वेळा झाली होती, आणि थोरल्याने शाळेची एक कोरी वही पाळण्यापाशी आणून ठेवली होती.

ज्यांच्या घरी पुन्हा पाळणा हलतो आहे त्यांनी हे तीन प्रश्न आजच रात्री स्वतःला विचारावेत.

पुढच्या अंकी केळीच्या लागवडीसाठी मुनवे कसे निवडावेत ते पाहू.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी